नमुना चार हजारांत होतो, परीक्षा कुठे द्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवसंशोधन स्पर्धेत कुठल्यातरी महाविद्यालयाच्या मुलांना पहिले बक्षीस मिळाल्याची बातमी आपल्या दैनिकात आली की मी ती कापून वहीत चिकटवतो. फोटोत माझी नजर आधी टेबलावरच्या यंत्राकडे जाते. वेल्डिंग कसे आहे, बेअरिंग कुठे बसवले आहे, साखळीला ताण द्यायची सोय ठेवली आहे का. मग मनात येते, याचा दुसरा नमुना कुणी केला असेल का? आणि तिसरा? माझ्या वहीत अशी वीसेक कात्रणे आहेत. त्यातले एकही यंत्र मला पुढे शेतात किंवा दुकानात भेटलेले नाही. मुले हुशार आहेत, कल्पनाही चांगल्या असतात. मग गाडी अडते कुठे, हे मला गेल्या पाच वर्षांत चाळीतला कांदा सडू नये म्हणून स्वतः एक यंत्र करताना समजले. म्हणून हे पत्र. लांबले तर क्षमा असावी, पण आकडे दिल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ३३ वर्षे टूलरूममध्ये काम केले. पत्रा कापायचे प्रेस टूल, काम जागच्या जागी पकडून ठेवणारे जिग आणि फिक्श्चर, हेच आयुष्य. २०२० च्या अखेरीस निवृत्त झालो. सिडकोत घर आहे. मागे पत्र्याची शेड, तिच्यात बेंच व्हाइस, ड्रिल मशीन, हातातला ग्राइंडर आणि एक जुने वेल्डिंग मशीन. सासुरवाडी निफाड तालुक्यातली. मेहुण्याची २५ टनांची कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची उघड्या बाजूंची शेड, आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत पडतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबरपर्यंत बाहेर निघतो. दर पावसाळ्यात चाळीखालून काळे पाणी ठिबकायला लागते आणि तो वास सुटतो. ज्याच्या घरी चाळ आहे त्याला तो वास वेगळा सांगावा लागत नाही. वरचा आणि कडेचा कांदा ठीक असतो, पोटातला गेलेला असतो. कांदा चाळीतही जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातून ऊब आणि ओल निघते. कडेची ओल वारा घेऊन जातो. पोटातली तिथेच कोंडते आणि कांदा सडायला लागतो.

माझी कल्पना साधी होती. चाळ भरतानाच तळाशी, थराच्या मधोमध भोके पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप आडवा ठेवायचा, त्याच्या एका तोंडाला पंखा लावायचा आणि पोटातली दमट हवा बाहेर ओढून घ्यायची. यात जगात कुणाला सुचले नाही असे काही नाही. मला एवढेच पाहायचे होते की आपल्याकडच्या बांबूच्या आणि लोखंडी अँगलच्या चाळीत, आपल्या शेतकऱ्याला परवडेल अशा सामानात ते जमते का.

पहिला नमुना २०२१ च्या मार्चमध्ये केला. कारखान्यातली सवय अशी की आधी ड्रॉइंग, मग मटेरियल, मग जॉब. त्या सवयीने मी थेट चाळीच्या मापाचा सांगाडा करायला निघालो होतो. लेझर कटिंगवाल्याकडे गेलो, तर दोन तुकड्यांसाठी तो शीट लावायला तयार नव्हता. त्याचेही बरोबर आहे, त्याचे मशीन तासावर चालते. घरी आलो आणि वहीत लिहून काढले की मला नेमके कळून घ्यायचे आहे काय. उत्तर एका ओळीचे निघाले: ओढलेली हवा कांद्यांतून जाते की बाजूने पळते? एवढ्यासाठी चाळ कशाला हवी? प्लायवूडचे खोके केले, एका बाजूला जुन्या खिडकीची काच लावली, आत ४० किलो कांदा भरला, तळाशी तीन फूट पाइप घातला आणि भंगारातून आणलेला कॉम्प्युटरचा पंखा बसवला. मग उदबत्तीचा जुडगा पेटवून खोक्याभोवती फिरवला. सगळा खर्च ६४० रुपये.

धुराने सगळे दाखवले. पंख्याजवळच्या पाच-सहा भोकांपाशीच धूर आत जात होता. पाइपच्या दुसऱ्या टोकाकडचा धूर जागचा हलत नव्हता. मी उत्साहाच्या भरात १२ मिलिमीटरची १६० भोके पाडली होती. त्यांचे एकूण क्षेत्रफळ होते १८० चौरस सेंटीमीटर आणि पाइपच्या तोंडाचे जेमतेम ८०. जवळच एवढी मोकळी वाट मिळाल्यावर हवा लांबून कशाला येईल? मी एकेक भोक चिकटपट्टीने बंद करत गेलो. ६० भोके उरली तेव्हा धूर दोन्ही टोकांकडून सारखा यायला लागला. भोकांचे एकूण क्षेत्रफळ तोंडापेक्षा कमी ठेवायचे, हा नियम मला त्या दुपारी उदबत्तीने शिकवला. हीच चूक मी २० फुटी पाइपात केली असती आणि वर दीड टन कांदा रचला असता, तर ती ऑक्टोबरमध्ये चाळ फोडल्यावर कळली असती. एक नमुना, एक प्रश्न. यापुढे मी तोच दंडक पाळला.

दुसऱ्या नमुन्यात मात्र फसलो, आणि ते सविस्तर सांगतो, कारण असे फसणे फार सोपे आहे. निळे प्लॅस्टिकचे दोन पिंप घेतले, प्रत्येकात ८० किलो कांदा भरला. एकात पाइप आणि पंखा, दुसरा तसाच. जुलैअखेर उघडले. पंख्याच्या पिंपात सड नगण्य, दुसऱ्यात जवळजवळ निम्मा माल गेलेला. मी घरात पेढे वाटले. मेहुणा आला, दोन्ही पिंपे बघितली आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, असा बंद पिंपात कांदा ठेवतं कोण? तुमच्या पंख्यानं पिंपाला हरवलं, चाळीला नाही." मी गप्प झालो. त्याचे शंभर टक्के खरे होते. चाळीच्या बाजू उघड्या असतात, तळ जमिनीपासून दोन फूट वर असतो, वारा खेळतो. मी तुलनेसाठी जे घेतले तेच मुळात चुकीचे होते. चार महिने आणि ४,२०० रुपये गेले, पण एक गोष्ट पक्की झाली: आपल्या यंत्राची स्पर्धा लोक आज जे करतात त्याच्याशी लावायची.

म्हणून २०२२ मध्ये थेट चाळीत उतरलो. मेहुण्याने शेजारशेजारचे दोन कप्पे दिले. दोन्हींत दीड-दीड टन, एकाच वावरातला, एकाच दिवशी काढलेला कांदा. भंगारातून लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर ९०० रुपयांना आणला. दीड टन कांदा पुन्हा पुन्हा मोजणे शक्य नव्हते, म्हणून दहा-दहा किलोच्या जाळीच्या पिशव्या भरल्या, पत्र्याचे नंबर बांधले आणि थराच्या तळाशी, मध्यात आणि वर अशा पुरून ठेवल्या. चाळ फोडताना फक्त या पिशव्या मोजायच्या आणि निवडायच्या. काटा गावातल्या किराणा दुकानदाराने दिला.

सप्टेंबरअखेरचा हिशेब असा. साध्या कप्प्यात शंभर किलोमागे १८ किलो सड, ६ किलो कोंब आलेला, १२ किलो वजनातली घट, विक्रीला उरला ६४ किलो. पंख्याच्या कप्प्यात सड निम्म्यावर, म्हणजे ९ किलो; कोंब ५; पण घट १९! उरला ६७ किलो. सड वाचली ती घटीने खाल्ली. पंखा मी दिवसभर चालू ठेवत होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो कांद्यातले पाणीच ओढत होता. कांद्याच्या साली सुटून खाली पापुद्र्यांचा खच पडला होता. वीजबिल धरले तर तीन किलोंचा फायदा शून्यावर येत होता. त्यातच उंदरांनी २३० व्होल्टची वायर कुरतडली. बांबू आणि उसाच्या पाचटाची चाळ. ठिणगी पडली असती तर मेहुण्याचे वर्ष जळून गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ब्लोअर काढला आणि ठरवले, चाळीत १२ व्होल्टच्या वर काही न्यायचे नाही. मारुती व्हॅनच्या एसीचा जुना ब्लोअर १,१०० रुपयांना मिळाला, ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी घरातच होती, चार्जर ओसरीत.

तिसऱ्या हंगामात प्रश्न बदलला: पंखा कधी चालवायचा? कांद्याच्या साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, हे संशोधन संस्थांच्या पत्रकांत छापलेले असते. मी समजत होतो की बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी दिसली की पंखा लावायचा. माझा पुतण्या तंत्रनिकेतनात शिकतो. तो म्हणाला, "काका, टक्के बघू नका, पाणी बघा." ३० अंशांवरची ६० टक्के आर्द्रता आणि २२ अंशांवरची ९५ टक्के आर्द्रता, दोन्ही हवेत घनमीटरमागे पाणी सारखेच, १८ ग्रॅमच्या आसपास. टक्के केवढे वेगळे दिसतात! त्याने ईएसपी-३२ नावाच्या, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर हिशेब बसवला: आतली आर्द्रता ७० च्या वर गेली आणि बाहेरच्या हवेत पाणी आतल्यापेक्षा कमी असले, तरच ब्लोअर चालू.

त्यासाठी तापमान आणि आर्द्रता मोजणारे डीएचटी-२२ जातीचे पाच सेन्सर आणले, २५० रुपयांना एक. पाचही एका टेबलावर ठेवले तर त्यांच्यात आठ टक्क्यांचा फरक! खरे कोणते मानायचे? प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे तर सेन्सरच्या कितीतरी पट पैसे लागणार. त्यावर स्वयंपाकघरातला उपाय आहे, आणि या कामात पडलेल्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. काचेच्या बरणीत चार चमचे साधे मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून चिखलासारखे करा, पूर्ण विरघळू देऊ नका. वर सेन्सर लटकवा, झाकण घट्ट लावा, रात्रभर ठेवा. बरणीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा मिठाचा गुणधर्म आहे. मिठाच्या बरणीने पाचातले दोन सेन्सर बाद केले, बाकी तिघांचा फरक पुतण्याने प्रोग्रॅममध्ये भरून टाकला. टूलरूममध्ये आम्ही मापाचे गेज तपासल्याशिवाय जॉब पास करत नसू. तीच शिस्त इथे पाच रुपयांच्या मिठात पाळता आली.

तो हंगाम २०२३ चा. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. लिलाव सुरू झाल्यावर मेहुण्याचा फोन आला, "दाजी, काय करू?" त्याला मी "माझे सहा आठवडे राहिलेत, थांब" असे कोणत्या तोंडाने सांगणार? घरात मुलीचे लग्न ठरलेले. मी म्हणालो, विक. चाळ फुटली, परीक्षा अर्धवट राहिली. त्याने भाव बघून विकले हे योग्यच केले. पुन्हा तशी वेळ आली तरी मी त्याला तेच सांगेन.

संपादक महोदय, माझे सगळे म्हणणे इथेच आहे. पाच हंगामांत यंत्रावर माझे १४ हजारांच्या आसपास गेले. एका तयार संचाचा खर्च आता चार हजारांवर आला आहे. पण एका हंगामात दोन कप्प्यांत तीन टन कांदा अडकतो. किलोला १५ रुपये धरले तरी ४५ हजारांचा माल, आणि तो माझा नव्हे, दुसऱ्याचा. नमुना स्वस्तात करायच्या शंभर वाटा आहेत, भंगार आहे, पुठ्ठा आहे, उदबत्ती आहे. परीक्षा स्वस्तात करायला मात्र कुठलीच वाट नाही. शिवाय शेतीतली परीक्षा वर्षातून एकदाच येते. कारखान्यात प्रेस टूल चुकले तर आम्ही संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पुन्हा शंभर पीस काढायचो. कांदा म्हणतो, पुढच्या एप्रिलला ये.

२०२४ ला पुन्हा केले. त्या वर्षी पूर्ण मुदत मिळाली. साध्या कप्प्यात उरला ६६ किलो, यंत्राच्या कप्प्यात ७३. घट दोन्हीकडे १३, म्हणजे पंखा नको तेव्हा चालत नव्हता. सड १६ वरून ९ वर. पावसाची झड लागली की ब्लोअर तासन्‌तास गप्प आणि उघडीप मिळाली की सुरू, हे बघताना मला फार समाधान वाटायचे. पण यंत्राचा कप्पा पूर्वेकडचा होता आणि साध्या कप्प्याला पश्चिमेचे ऊन लागत होते. फरक यंत्राचा की उन्हाचा? म्हणून २०२५ मध्ये कप्पे उलटे केले. नेमका मे महिन्यात अवकाळी पाऊस लागला, कांदा भिजूनच चाळीत आला. दोन्ही कप्पे खराब निघाले, फरक चार किलोंचा. आता सांगा, हे यंत्र चालते का? मला माहीत नाही. सात किलोंचा फरक खरा असेल तर २५ टनांच्या चाळीमागे पावणेदोन टन कांदा वाचतो. तो योगायोग असेल तर मी शेतकऱ्याच्या गळ्यात चार हजारांचे खेळणे बांधतोय. दोन कप्प्यांवरून हा निवाडा होत नाही. त्याला निदान २० कप्पे लागतील, दहा यंत्राचे, दहा साधे, चिठ्ठ्या टाकून वाटलेले.

मी मदत मागितली नाही असे नाही. एका अनुदान देणाऱ्या संस्थेत गेलो. तिथल्या साहेबांनी सौजन्याने ऐकले, चहा दिला आणि म्हणाले, मोठ्या प्रमाणावरच्या चाचणीचे निकाल जोडा, मग प्रस्ताव पुढे सरकेल. चाचणीसाठीच तर मदत हवी होती. दुसऱ्या ठिकाणी कंपनीची नोंदणी असल्याशिवाय अर्जच भरता येत नव्हता. एका प्रदर्शनात यंत्र मांडले, लोकांनी कौतुक केले, प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्र मी जपून ठेवले आहे. पण तीन दिवसांत मला एकाही माणसाने विचारले नाही की घट किती आली. त्याचे वाईट वाटले.

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. नातवंडांना घेऊन मी तिथे जातो. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले आणि कॅमेरा आणला, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर त्यांनी काय केले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. कॅमेरा आल्यावर त्यांनी लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण करून कोंबापासून वेल कसा वाढतो ते पडद्यावर एक-दीड मिनिटात दाखवले. त्यात नट नव्हते, कपडेपट नव्हता. एक कुंडी, एक कॅमेरा, आणि एकच प्रश्न: हे तंत्र मला इथे, माझ्या घरात जमते का? तो तुकडा पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. नाशिककरांनी फाळक्यांचा पुतळा जरूर बघावा, पण ती कुंडीही आठवावी. आज कुणी अशी कुंडी घेऊन आला तर त्याला ठेवायला जागा देणारे शहर आपले असावे, असे मला मनापासून वाटते.

पेटंटबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. आपल्या कायद्यात आधी तात्पुरता तपशील दाखल करून तारीख पकडता येते. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये शुल्क आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. कांद्यावर काम करणाऱ्याला १२ महिने म्हणजे एक हंगाम, एक परीक्षा. त्यात अवकाळी आला की संपले. तेव्हा तरुण मुलांना माझे सांगणे, घाईने अर्ज करू नका आणि अर्जाआधी छापूही नका. ज्याची चाचणी लोकांत केल्याशिवाय होतच नाही अशा वस्तूला कायद्याच्या ३२व्या कलमात वर्षभराची सूट आहे, ते कलम जाणकाराकडून समजून घ्या. मी स्वतः तो नाद सोडला. भोकांचा हिशेब, ब्लोअर, प्रोग्रॅमचा नियम, सगळे या पत्रात उघड लिहिले आहे. आता यावर मला पेटंट मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. ज्याला करायचे त्याने करावे.

माझी मागणी एकच आहे, आणि ती मी आकड्यांत मांडतो. नाशिक जिल्ह्यात एक चाचणी चाळ उभी करावी. एक-एक टनाचे २० कप्पे, एक चांगला इलेक्ट्रॉनिक काटा, १२ व्होल्टची सोय आणि नोंदी ठेवणारा एक माणूस. दर एप्रिलला बाजार समितीच्या भावाने २० टन कांदा विकत घ्यायचा. क्विंटलला १५०० रुपये धरले तर तीन लाख. हा पैसा बुडत नाही. ऑक्टोबरमध्ये उरलेला कांदा विकला जातोच, खरा खर्च सडीचा आणि घटीचा. ज्याच्याकडे साठवणुकीची काही नवी युक्ती आहे, मग ती पंख्याची असो, वेगळ्या जाळीची असो, वासावरून सड ओळखणारी असो, त्याला पाच-सहा कप्पे हंगामभर द्यावेत. भाव वाढला म्हणून कुणी चाळ फोडणार नाही, कारण तो कांदा कुणाच्या मुलीच्या लग्नाचा नसेल. निकाल चांगला येवो की वाईट, तो फलकावर लावावा. वाईट निकालही लावावा, म्हणजे दुसरा कुणी १६० भोके पाडणार नाही.

हे करू शकतील अशा संस्था आपल्या दारात आहेत. निफाड तालुक्यात चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानाचे केंद्र आहे, मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे, आणि लासलगावसारखी बाजार समिती आहे जिचे नाव देशभर कांद्यासाठी घेतले जाते. लासलगावलाच विकिरणाचे केंद्र आहे. तिथे कोंब थांबवण्याचे काम होते. जाणती माणसे आहेत, जागा आहे. हवा आहे तो बाहेरच्या माणसाला आत घेणारा दरवाजा. त्याला पदवी विचारू नका, कंपनी विचारू नका. पहिल्या लहान नमुन्याची वही विचारा. ज्याने खोक्यात उदबत्ती फिरवून पाहिली आहे त्यालाच कप्पे द्या, म्हणजे कांदाही वाया जाणार नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. त्र्यंबक रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयमध्ये लेथ आहेत, वेल्डिंगचे बूथ आहेत, आणि रविवारी तिथे कुलूप असते. महिन्यातला एक रविवार सकाळी नऊ ते एक अशा लोकांसाठी वर्कशॉप उघडता आले तर पहिला नमुना करणाऱ्याची फार सोय होईल. सुरक्षिततेचा प्रश्न निघेल, तो योग्यच आहे. देखरेखीला माणूस लागेल. टूलरूममधून निवृत्त झालेले आम्ही सात-आठ जण रोज सकाळी एकत्र फिरायला जातो. मी त्यांना विचारले आहे. पाच जण तयार आहेत, मोबदला नको. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय एकालाही मशीनला हात लावू देणार नाही, हा शब्द आमचा.

कांद्याची काढणी मार्चअखेर सुरू होते. चाळ भरायला घेण्याआधी पाइप तळाशी पडावा लागतो, नंतर तो घालता येत नाही. म्हणजे हे व्हायचे तर फेब्रुवारीच्या आत कप्प्यांचे ठरायला हवे, नाहीतर आणखी एक वर्ष गेले. माझी पाच हंगामांची वही, पिशव्यांच्या नोंदी आणि पुतण्याने लिहिलेला प्रोग्रॅम मी ज्या संस्थेला हवा तिला झेरॉक्स करून द्यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवला आहे. कुणी विचारणा केली तर तो जरूर द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार
सिडको, नाशिक